जिम की तालीम? आधी विहिरीचा झरा बघ, पैलवान

पैलवान, 'तू' म्हणतोय, राग मानू नकोस. माझा थोरला तुझ्याच वयाचा आहे.

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तू तपासशील. वय २०. कोल्हापुरात तालमीत राहतोस, पहाटे माती, संध्याकाळी मॅट. ७४ किलोत खेळतोस. चार महिन्यांपूर्वी दुपारी जवळच्या जिमला जायला लागलास, वस्तादांना न सांगता. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे असं. वजन ७८ वरून ८१ वर गेलं, आरशात बरं दिसतं, पण मॅटवर दुसऱ्या राउंडला दम संपतो. जिंकत आलेल्या दोन कुस्त्या शेवटच्या मिनिटात घालवल्यास. वस्तादांच्या कानावर गेलं, ते म्हणाले जिमनं अंग आखडतं, बंद कर. दोस्त म्हणतो जोर-बैठकांचा जमाना गेला. आणि तू विचारतोस : जिम सोडू का, आणि दम वाढवायला रोज १० किलोमीटर पळू का? जाता जाता एका ओळीत डावा गुडघा सुजतो असंही लिहिलंस. त्याचं शेवटी बोलतो.

मी बारा वर्षं तालमीत काढली, कंबरेनं साथ सोडल्यावर कुस्ती सुटली. गेली अठरा वर्षं पैलवानांची, थोड्या ज्युदोवाल्यांची आणि चार-दोन बॉक्सरांची ताकद-दमाची तयारी करून घेतो. म्हणजे दोन्हीकडचं मीठ खाल्लंय. त्यामुळे जिम की तालीम हा वाद मला वादच वाटत नाही. तुझी अडचण वेगळी आहे. दिवसाचा हिशोब मांडून बघ. पहाटे ५०० जोर, १००० बैठका, मग माती उकरणं, मग तासभर लढत. दुपारी दीड तास जिम. संध्याकाळी दोन तास मॅट, त्यातही रोज लढत. आता त्यावर १० किलोमीटर घालायचं म्हणतोस. एवढ्यात तू कमी काय केलंस? काहीच नाही. भरलेल्या घागरीत आणखी ओततोयस आणि पाणी बाहेर का सांडतं म्हणून विचारतोयस.

दम कुठं जातो ते आधी बघू, कारण कुस्ती तिथंच हरतोयस.

फ्रीस्टाइलची कुस्ती म्हणजे तीन-तीन मिनिटांचे दोन राउंड, मध्ये ३० सेकंद. त्या सहा मिनिटांत तू सलग झटत नाहीस. पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरून पाडायला झेपावतोस तेव्हा पाच-सात सेकंद जीव तोडून जोर लागतो, मग हात-मान धरून पंधरा-वीस सेकंद चाचपणी, मग पुन्हा झटका. तुमच्या शिवारातली विहीर डोळ्यासमोर आण. पंप चालू केला की पाणी धो-धो येतं. पंप बंद असतो तेव्हा झरा विहीर पुन्हा भरत असतो. झटका म्हणजे पंप. झटक्यांच्या मधल्या वेळात श्वासातून येणाऱ्या प्राणवायूवर शरीर जे भरून काढतं, तो झरा. झरा जिवंत असेल तर सहाव्या मिनिटालाही पंपाला पाणी मिळतं. बारीक असेल तर दुसऱ्या राउंडला पंप नुसती हवा ओढतो.

चार महिन्यांत तू पंप मोठा केलास. झरा तेवढाच राहिला, किंबहुना थोडा आटला, कारण तीन किलो जास्तीचं अंग पोसायचं आणि वागवायचं कामही त्याच्यावरच आलं.

तुझ्या हरलेल्या कुस्त्यांचा व्हिडिओ असेल तर दुसरा राउंड आवाज बंद करून बघ. माझ्याकडे आलेल्या एका पोराचा असाच बघितला होता. ६-२ पुढे होता, शेवटची दीड मिनिटं बाकी. आधी हात खाली आले. मग डोकं खाली गेलं, तो समोरच्याच्या छातीकडे न बघता पायांकडे बघायला लागला. मग कंबर वर आली, पाय सरळ झाले. समोरच्यानं एकेरी पट काढला तेव्हा आमच्या गड्यानं पाय मागे फेकले, पण अर्धा सेकंद उशिरा. पहिल्या राउंडला हाच पट त्यानं तीनदा मोडला होता. तो मला म्हणाला, "सर, ताकद कमी पडली." मी व्हिडिओ मागे घेतला आणि कंबर कुठल्या मिनिटाला वर आली ते दाखवलं. ताकद होती, ती त्या वेळी हाताशी नव्हती.

मग १० किलोमीटर पळू का? रोज नको. झरा वाढवायला सावकाश काम लागतं हे खरं, पण तुझ्या दिवसात रोज तासभर पळायला जागा नाही, आणि सुजणाऱ्या गुडघ्यावर डांबरी रस्ता तर नकोच. आठवड्यातून दोनदा ३५-४० मिनिटं, शेजारच्याशी बोलता येईल अशा गतीनं. सायकल चालेल, पोहणं चालेल, चढाला झपझप चालणं चालेल. तुझ्या वयाला नाडी १३० ते १५० च्या आसपास राहिली की पुरे. पोरांना हे जमत नाही. सोपं आहे म्हणूनच जमत नाही, पाचव्या मिनिटाला कुणीतरी कुणालातरी मागे टाकायला निघतो. घामाच्या धारा लागल्या नाहीत म्हणजे मेहनतच झाली नाही, ही समजूत आपल्या रक्तात आहे.

आणखी एक कारण आहे. रॉबर्ट हिक्सन नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९८० मध्ये एक प्रयोग छापला. एका गटाला फक्त ताकदीचा व्यायाम, एका गटाला फक्त दमाचा, तिसऱ्याला दोन्ही, आणि दोन्ही कडक. दहा आठवडे. दोन्ही करणाऱ्यांची ताकद सुरुवातीला फक्त ताकदवाल्यांसारखीच वाढली, पण शेवटच्या आठवड्यांत वाढ थांबून उलट घसरली. त्यातली माणसं पैलवान नव्हती आणि व्यायामाचा मारा फार होता, म्हणून तो निकाल जसाच्या तसा तुला लावणार नाही. पण माझ्या पोरांत मी तेच बघत आलोय : दोन्ही टोकं एकाच महिन्यात कडक ओढली की दोन्ही अर्धवट राहतात.

आता वस्तादांचं म्हणणं. जिमनं अंग आखडतं.

तुझे वस्ताद चूक बोलत नाहीत. त्यांनी जे बघितलं ते खरंच आहे. सोमवारी छातीचे पाच प्रकार, प्रत्येकी बारा-पंधरा वेळा, हात थरथरेपर्यंत. मंगळवारी-बुधवारी छाती-खांदे ठणकतात, हात डोक्यावर नीट जात नाही. असा पैलवान मॅटवर आला की समोरच्याची मान धरायला हात उशिरा पोचतो, ढाकेचा डाव मारताना खांदा अडतो. वस्तादाला हे लांबूनही दिसतं. तू करत होतास तो शरीरसौष्ठवाचा व्यायाम. त्याचा हेतू स्नायू मोठा करणं हा आहे आणि ते काम तो चोख करतो. तुझं तीन किलो वजन काही चरबीचं नसेल. पण ७४ किलोतल्या पैलवानाला तीन किलो दंड-छाती हा खर्च आहे.

वजनानं अंग आखडतं हे मात्र सरसकट खरं नाही. गदा, मुद्गल, करेल ही वजनंच की! शंभर वर्षांपूर्वी कुणी त्यांना जिम म्हटलं नाही इतकंच. पूर्ण खाली बसून, पूर्ण वर उठून, आवाक्यातलं जड वजन थोड्या वेळा उचललं तर सांधा मोकळाच राहतो. वेटलिफ्टरांना स्नॅचच्या (एका झटक्यात बार डोक्यावर नेण्याच्या प्रकाराच्या) तळाशी बसलेलं बघ, आखडलेल्या अंगाला ती बैठक घेता येईल का?

दोस्त म्हणतो जोर-बैठकांचा जमाना गेला, तेही मला पटत नाही. जोर-सपाट्यानं खांदा, पाठ, कंबर एका लयीत फिरते. बैठकांनी गुडघ्याभोवतीच्या शिरा आणि बंध वर्षानुवर्षांच्या कामाला तयार होतात. पण एक गोष्ट त्यांनी होत नाही. पहिल्या महिन्यात ५० वरून २०० बैठकांवर जाताना पायांची ताकद वाढते. २०० वरून १००० वर जाताना वाढतो तो चिवटपणा. वजन तेच, तुझंच, ते वाढतच नाही. मग शरीरानं जास्त जोर लावायला का शिकावं? माझ्याकडे एक पैलवान आला होता, रोजच्या १२०० बैठकांचा. खांद्यावर समोरून ८० किलोची बार देऊन बसायला सांगितलं. दोनदा उठला. तिसऱ्यांदा खाली गेला तो वर येईना, आडव्या दांड्यांवर बार टेकवून बाहेर सरकला. चेहरा असा झाला की बाकीची पोरं हसायची थांबली. सहा महिन्यांनी तोच ११५ किलो तीनदा उचलत होता आणि वजन वाढलं होतं जेमतेम किलोभर. दुहेरी पटात सापडलेल्या माणसाला उचलून टाकताना त्याला फरक कळला, मला सांगावा लागला नाही.

म्हणून जिम सोडू नकोस, जिममधलं काम बदल. आठवड्यातून दोनदाच, ४५-५० मिनिटं. एक पायांचा जड प्रकार (डेडलिफ्ट किंवा समोरून बार घेऊन स्क्वॉट), एक ओढण्याचा (कमरेला वजन बांधून चिन-अप किंवा बार रोइंग), एक झटक्याचा. झटक्यासाठी क्लीन (जमिनीवरून बार एका झटक्यात खांद्यावर घेणं) शिकवणारा चांगला माणूस असेल तर क्लीन. नसेल तर ३०-४० किलोचं वाळूचं पोतं जमिनीवरून छातीशी आणि तिथून मागे फेक. पोतं कुठून धरायचं ते कळत नाही, घसरतं, अंगाबाहेर जातं, अगदी माणसासारखं, म्हणून मला ते लोखंडापेक्षा आवडतं. प्रत्येक प्रकाराचे तीन-चार सेट, तीन ते पाच वेळा, आणि आणखी दोनदा उचलता आलं असतं अशा ठिकाणी थांबायचं. शेवटचा थेंब पिळायचा नाही. तो संध्याकाळच्या मॅटसाठी ठेवायचा.

दोन सेटमध्ये तीन मिनिटं बसायचं. खरंच बसायचं. पैलवानांना हे सर्वांत अवघड जातं. तालमीत बसलेल्या पोराकडे वस्तादाची काठी येते, त्यामुळे बूड टेकलं की अपराधी वाटतं. पण जड वजनाला शरीराची सगळी वायरिंग लागते आणि ती तीस सेकंदांत पूर्ववत होत नाही. विश्रांती कापलीस की ताकदीचा व्यायाम पुन्हा दमाचा होतो, आणि दमाचं काम तर दिवसभर चाललंच आहे.

छातीचा दिवस, दंडाचा दिवस बंद. पुढून ढकलायचं काम जोर करतात, वेगळी बेंच प्रेस हवीच असेल तर मोजकी. पकडीसाठी दोरी चढ, तालमीत दोर टांगलेला असेलच. मान मात्र रोज. डोक्यावर पूल करून झुलण्याची आपली रीत मी कोवळ्या पोरांना देत नाही. पंच्याची घडी कपाळाला लावून जोडीदारानं ओढायचं, तू मान ताठ ठेवायची, चारही बाजूंनी दहा-दहा सेकंद. दिसायला काहीच नाही, पण मानेवर डाव पडतो तेव्हा कळतं.

आता कमी काय करायचं. ज्या दोन दिवशी जिम, त्या दिवशी बैठका बंद आणि जोर निम्मे. लढत आठवड्यातून तीनदाच जीव तोडून; बाकीचे दिवस डाव घोटणं, पट काढण्याच्या जागा, सुटका. साधारण असं बसतं : सोमवारी आणि गुरुवारी दुपारी जिम, त्या संध्याकाळी हलकी मॅट. मंगळवार, बुधवार, शनिवार कडक लढत. सावकाश पळणं किंवा सायकल बुधवारी सकाळी आणि शुक्रवारी. तालमीला ज्या दिवशी सुट्टी असते त्या दिवशी खरोखर सुट्टी, झोपायचं. तुमच्याकडे दिवस वेगळे असतील, वार महत्त्वाचे नाहीत. कडक दिवसाला कडक काम जोडायचं की कडक-हलकं आलटून पालटून ठेवायचं, यावर आम्हा शिकवणाऱ्यांतही दोन तट आहेत. मी वीस वर्षांच्या पोराला आलटून पालटून देतो, कारण तालमीतली झोप कशी असते ते मला माहीत आहे. पहाटे साडेचारला उठणारा रात्री अकरापर्यंत मोबाइल बघत असेल तर कुठलंही वेळापत्रक लिहून दिलं तरी फुकट. दुपारची दीड तास झोप आपल्या जुन्या मंडळींनी उगाच सांगितलेली नाही. तीच तू जिमला देऊन टाकली होतीस.

हे वस्तादांना सांगूनच कर. चोरून जिमला जाणारा पैलवान संध्याकाळी दमलेला दिसला की वस्ताद त्याला आळशी समजून आणखी दोनशे बैठका देतो, आणि त्यात त्याची काय चूक? जाऊन सांग, "वस्ताद, दोन दिवसच जातो, छाती-दंड मारत नाही, मोबदल्यात एवढ्या बैठका कमी करू का? सहा आठवडे बघा, फरक नाही दिसला तर बंद." बहुतेक वस्ताद यावर अर्धा मिनिट गप्प बसतात आणि मग 'बघू' म्हणतात. ते 'बघू' म्हणजे हो.

हंगामाचंही गणित आहे. मृगापासून दसऱ्यापर्यंत, नागपंचमीची वगैरे मैदानं सोडली तर, मोठ्या कुस्त्या कमी असतात. जड ताकद आणि सावकाश दम तेव्हा बांधायचा. स्पर्धा सहा आठवड्यांवर आली की सावकाश पळणं एकदाच ठेव आणि त्याजागी कुस्तीसारखा दम आण. मी असं करतो : एक पैलवान मध्ये, तीन ताजे बाहेर. प्रत्येक मिनिटाला नवा जोडीदार आत येतो. तीन मिनिटं, ३० सेकंद थांबा, पुन्हा तीन मिनिटं. दुसऱ्या राउंडला मी बाहेरून ओरडतो, "तुझ्यावर पॅसिव्ह लागलंय, तीस सेकंद!" कारण खऱ्या मॅटवर तेच होतं. दमलेला माणूस मागे सरतो, पंच ३० सेकंदांचं घड्याळ लावतात, आणि त्यात कुणालाच गुण मिळाला नाही तर एक गुण समोरच्याला. हे आठवड्यातून दोनदाच, आणि स्पर्धेच्या दहा दिवस आधी बंद. जिममध्ये या काळात वजन तेच ठेवून सेट निम्मे करायचे. ताकद टिकवायला फार थोडं पुरतं.

जत्रेच्या मैदानात निकाली कुस्ती (चितपट होईपर्यंतची) लांबली की अर्धा-अर्धा तास खडाखडी चालते. तिथं झऱ्याचं महत्त्व आणखी. तू मुख्यतः मॅटवाला आहेस म्हणून त्यात शिरत नाही. बॉक्सिंग-ज्युदो करणारे कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी एवढंच की विहिरीचं गणित तेच, राउंडचे आकडे वेगळे. बॉक्सरला वाळूचं पोतं फेकण्याची आणि पकडीची गरज नाही, त्याला खांद्यांचा चिवटपणा लागतो.

आणि आता वजन. तू विचारलं नाहीस, पण दम संपण्याचं निम्मं कारण मला तिथं दिसतं. ८१ किलोचा माणूस ७४ ला उतरतो म्हणजे सात किलो. शेवटच्या चार-पाच दिवसांत उतरवत असशील तर त्यात बहुतेक पाणीच जातं. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय कुस्तीत वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळी होतं आणि एक वजनगट दोन दिवस चालतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा काट्यावर उभं राहायचं. पॅरिसला ऑगस्ट २०२४ मध्ये विनेश फोगटचं ५० किलोच्या अंतिम लढतीच्या सकाळी १०० ग्रॅमनं काय झालं ते सगळ्या देशानं बघितलं. त्याच ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावतनं रात्रभर घाम गाळून साडेचार किलोच्या वर वजन उतरवलं आणि ५७ किलोत ब्राँझ घेतलं, तेही बघितलं. पोरं अमनचं उदाहरण देतात. त्याच्याभोवती रात्रभर कोच आणि जाणकार माणसं होती. तुझ्याभोवती कोण असणार? खोलीतले दोन दोस्त आणि एक स्टोव्ह.

मी एकविसाव्या वर्षी हे केलंय. बंद खोली, अंगात रबरी जॅकेट, वर घोंगडी, हातात थुंकायला डबा. सहा किलो उतरवले, काट्यावर दोनशे ग्रॅमनं बसलो, बाहेर येऊन पोरांच्या टाळ्या घेतल्या. पहिल्याच कुस्तीत सहा गुणांनी पुढे होतो. मग मांड्यांत गोळे आले, हाताची बोटं वळेनात आणि मी चितपट झालो. त्या दिवशी मला आस्मान दाखवणारा पोरगा माझ्यापेक्षा चांगला पैलवान नव्हता. तो सकाळी भाकरी खाऊन आला होता, एवढाच फरक. आणि मी स्वस्तात सुटलो. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस महिन्याभरात तीन कॉलेज पैलवान असंच वजन उतरवताना मेले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी कपडे आणि घामाच्या गरम खोल्यांवर बंदी आली.

म्हणून माझं मत : ७९ चा गट बघ. हा ऑलिंपिकचा गट नाही, पण महाराष्ट्र केसरीच्या अधिवेशनात आहे, राष्ट्रीयला आहे, जागतिकला आहे. ८१ वरून ७९ ला सावकाश उतरता येतं. आठवड्याला अर्धा-पाऊण किलो, तेही हंगामाबाहेर. वरच्या गटात जाणं कमीपणाचं वाटत असेल तर खाशाबा जाधवांचं आठव. १९४८ ला लंडनमध्ये ते फ्लायवेटमध्ये लढले आणि सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीचं ब्राँझ त्यांनी एक गट वर, बँटमवेटमध्ये घेतलं. ७४ सोडायचाच नसेल, पुढं ऑलिंपिक गटाचा विचार असेल, तर छाती-दंड बंद केल्यावर दोन-तीन महिन्यांत ७७ पर्यंत ये आणि मग ठरव. हे तुझ्या हाडापेरावर अवलंबून आहे. मी तुला बघितलेलं नाही, त्यामुळे इथं ठाम बोलत नाही.

खुराकावर फार बोलत नाही. थंडाई, तूप, मटण चालू दे, पण वजन उतरवायचं असेल तर तूप आणि बदामाचा हिशोब धर, त्यात उष्मांक फार. दिवसाला १३० ते १५० ग्रॅम प्रथिनं पोटात जातात का ते बघ. एक लिटर दूध आणि सहा अंडी मिळून सत्तरच्या आसपास होतात, उरलेली मटण-चिकन, डाळ, हरभरे, दही यांतून भर. क्रिएटिन घ्यायला हरकत नाही, दिवसाला तीन-पाच ग्रॅम, पण त्यानं अंगात पाणी धरून किलोभर वजन वाढू शकतं हे काट्याच्या आधी लक्षात ठेव. बिनलेबलची पावडर नको. आणि जिममध्ये कुणी 'दम वाढवायचं इंजेक्शन' दाखवलं तर तिथून उठ. ते बहुधा मेफेंटरमिन असतं, भूल दिल्यावर पडलेला रक्तदाब वर आणायचं औषध. हृदयाशी खेळ आहे आणि डोपिंगच्या बंदी यादीतही आहे. 'मला माहीत नव्हतं' असं म्हणून डोपिंगमध्ये कुणी सुटत नाही.

बरं चाललंय की नाही हे कसं कळणार? दोन गोष्टी लिहून ठेव. सकाळी उठल्याउठल्या, अंथरुणातच, मिनिटाची नाडी. आणि दर सोमवारी बोटांना खडू लावून भिंतीवर उंच उडी, खूण आणि तारीख. नाडी नेहमीपेक्षा आठ-दहानं वर, तीन दिवस सलग, किंवा उडी चार-पाच सेंटीमीटरनं खाली आली, तर त्या आठवड्यात लढत एका दिवसानं कमी कर. एवढं पुरतं, महागडं घड्याळ नको. आणखी एक : सुट्टीवरून परत आल्यावर पहिल्याच दिवशी हजार बैठका मारायच्या नाहीत. मांड्या दगडासारख्या झाल्या आणि लघवी चहाच्या रंगाची आली तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना. स्नायू फुटून त्याचा कचरा मूत्रपिंडात अडकतो. माझ्या ओळखीचा एक जण असाच पाच दिवस सलाइनवर होता.

राहिला गुडघा. जड वजनाला हात लावण्याआधी हाडांच्या डॉक्टरकडे जा, शक्यतो खेळाडूंचे गुडघे रोज बघणाऱ्याकडे. जाताना तीन गोष्टी आठवून जा. दुखापत झाली तेव्हा आतून 'टक्' असा आवाज आला होता का? सूज दोन-चार तासांत आली की दुसऱ्या दिवशी? आणि चालताना, जिना उतरताना गुडघा मध्येच अडकतो किंवा सटकतो का? लगेच आलेली सूज आणि सटकणारा गुडघा म्हणजे आतला बंध गेलेला असू शकतो, अडकणारा म्हणजे गादी. तसं काही निघालं तर वर लिहिलेलं सगळं तीन-चार महिने पुढं ढकल, फक्त मान, चिन-अप आणि डॉक्टर हो म्हणाले तर सायकल ठेव. काहीच निघालं नाही तर येत्या सोमवारी भिंतीवर पहिली खूण कर आणि मृग लागला की वजनाला हात लाव.